ओढ्याला गेलेली माती

ठाकुर्ली, २ जुलै

मधुदादास नमस्कार,

आम्ही इथे ठीक आहोत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय.

वहिनीने फोटो पाठवला. माळावरच्या शेताची माती एका पावसात ओढ्याला गेली, खाली नुसता मुरूम उरलाय. मी मे महिन्यातच सांगितलेलं, ट्रॅक्टर वळवायला बांध फोडू नकोस, नांगरट उताराला आडवी घाल. तू म्हणालास, "ठाकुर्लीत बसून मला शेती शिकवू नकोस."

नाही शिकवत. मी आणि हे शनिवारी येतोय, बांध पुन्हा रचायला. तोवर एकट्याने दगड उचलू नकोस. कंबर अजून दुखते का?

वहिनी म्हणाली, तू रोज ओढ्याकाठी नुसता बसून असतोस. ती माती आता परत येणार नाही, दादा. जेवायच्या वेळेला तरी घरी जात जा.

तुझ्यावर चिडलेली,
आसावरी