जयाकुसुमाच्या मागे लेगिमानने केलेली वाटणी

मी, खाली सही करणार, लेगिमान, गेल्या आठवड्यापर्यंतचा जयाकुसुमा, वय सव्वीस, धंदा मिळेल तो, राहणार म्हणायचं तर वाडी वातुलुम्बुंग, जिल्हा वोनोगिरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. कुणी मनगट धरलेलं नाही. प्रकृती ठणठणीत आहे, आणि हे मुद्दाम लिहितो, कारण मी मेलो समजून गावाने माझ्या चाळिसाव्याचं जेवणसुद्धा उरकलेलं आहे.

कलम एक. दोन्ही नावांचा माणूस एकच, म्हणजे मीच. जमिनीच्या कागदावर जयाकुसुमा आहे. हे नाव वडिलांनी ठेवलं. त्यांना बाहुल्यांच्या खेळातल्या राजांचं फार वेड. रात्रभर बसून बघायचे आणि सकाळी नांगर धरून पेंगायचे. एकदा म्हैस एकटीच अर्धं शेत नांगरून आली म्हणतात. तर असं राजाचं नाव मला पेललं नाही. लहानपणी ताप, मग झाडावरून पडणं, मग ही बोट, ती पुढच्या कलमात येते. परत आल्यावर ताईने लाल-पांढरी खीर केली, गावचे दुआ-मौतीचे मोदिनकाका, त्यांनी दुआ वाचली आणि जड नाव उतरवून हलकं ठेवलं. आमच्या पाच दिवसांच्या बाजारचक्रातल्या लेगीच्या वाराला जन्मलो म्हणून लेगिमान. तेव्हापासून झोप चांगली लागते. उद्या कुणी म्हणेल की कागदावरचा मेला आणि सही करणारा दुसराच कोणी, तर त्याने हे कलम वाचावं.

कलम दोन, मी मेलो कसा. मी लाकूड वाहणाऱ्या बोटीवर होतो. वाटेत बावेआन बेटावर पाणी भरायला थांबलो, तिथे कुणाचं तरी लग्न चाललं होतं, ढोल चांगला होता, मी बघत उभा राहिलो. मग बसलो. मग जेवलो. बोट निघून गेली आणि पुढे समुद्रात बुडाली. मला हे किती दिवस माहीतच नव्हतं, मी तिथे मासे वाळवत होतो. इकडे आमचे पाटकरी, कार्सोकाका, बाजारात रेडिओवर ऐकून आले आणि पाण्याची पाळी सोडून रडत ताईच्या दारात बसले. त्या दिवशी खालच्या सगळ्या शेतांना पाणी मिळालं नाही. माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही, म्हणून माझं कबुतर, पिंजरा आणि झाकायच्या कापडासह, कार्सोकाकांना. ते पहाटे घुमतं. ते ऐकून उठतील आणि पाणी वेळेवर सोडतील.

मी पोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. घरासमोर चटया, पेट्रोमॅक्स, पुरुष मांडी घालून बसलेले, मोदिनकाका डोळे मिटून म्हणत होते. दुआ चालू असताना मध्ये बोलत नाहीत, म्हणून शेवटच्या चटईवर टेकलो. शेजारी कार्सोकाकाच होते, पण मान खाली. दुआ संपून भात फिरू लागला तेव्हा मी विचारलं.

"काका, कोण गेलं?"

"जयाकुसुमा. भटकं होतं, पण मनाने वाईट नव्हतं."

"कसा गेला?"

"बुडाला. भात घे, संपेल."

मी घेतला. कोंबडी उत्तम झाली होती. दुसरा घास घेताना त्यांनी मान वर केली, आणि पुढचं गावाला ठाऊक आहे. मोदिनकाका एवढंच म्हणाले, "वाचलेली दुआ परत घेता येत नाही. पुढच्या वेळेला धर."

कलम तीन, घर. याच्यासाठीच सगळं लिहितोय. घर सागाचं, मधले चार खांब पणजोबांच्या वेळचे, एकही खिळा नाही. पाचर काढली की सुटतं, आणि गाव जमलं की खांद्यावरून नेता येतं. आमच्यात आईबापांचं घर धाकट्याला, म्हणून मला. मला ते कधी नको होतं, पण विचारतं कोण. त्या घरात राहते माझी ताई वारसिनी. तिचा नवरा जाकार्ताला शेवया विकायला गेला आणि तिथेच दुसरी करून बसला. ती सोयाबीन आंबवून पानात बांधून टेम्पे करते आणि बाजारात नेते. आईचं आजारपण तिनेच काढलं.

चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं तर खांबांवर खडूने आकडे.

"दादा, हे कसले?" मी थोरल्या भावाला विचारलं. त्याचं नाव सादिरान.

"सोलो शहराचा व्यापारी आला होता. त्याला हॉटेलात लावायचे आहेत."

"माझं घर?"

"तू मेला होतास. तुला ना बायको ना पोर. मग बघायचं कोणी? मीच."

"आणि मी?" ताई चुलीपुढून म्हणाली. "मी या घरात कोण, मांजर?"

"तू माझ्याकडे ये म्हटलं होतं ना."

"तुझ्या बायकोने कोंबड्यांशेजारची जागा दाखवली. कोंबड्यांना विचारलं का?"

दादा चिडला, पण मग जे बोलला तेही लिहितो, कारण खोटं नव्हतं. "वीस वर्षं चिखलात मी. वरचं शेत मी लावतो, खालचं मी लावतो. कागदावर नाव मात्र याचं. हा लग्नात ढोल बघत उभा. खांबांतून निदान कष्टाचं काही सुटेल, म्हटलं."

सबब, मी असं लिहून ठेवतो की घर, परसातले नारळ, विहीर आणि टेम्पेची सगळी भांडी वारसिनी हिला. घर उभं राहायचं. मोडायचं, हलवायचं, विकायचं की पाहुण्यांनी भरायचं, तिची मर्जी. दुसऱ्या कुणाची नाही.

कलम चार. दोन्ही शेतं दादाला. चतुःसीमा त्याला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. मला विचाराल तर मी फणसाचं झाड सांगेन, आणि ते म्हणे केव्हाच पडलं. वडिलांचा नांगर त्याचाच. वहिनीला माझ्याकडून आरसा, तिने माझ्या जेवणाला नवे कपडे घातले होते आणि चांगली दिसत होती.

कलम पाच. पुन्हा माझ्या मरणाची बातमी आली, तर कुणीतरी जाऊन डोळ्यांनी बघून येईपर्यंत कोंबडी कापू नये. खरंच गेलो असेन, तर जिथे असेन तिथेच पुरावं. आणायचा खटाटोप नको.

इथपर्यंत लिहून मी घरीच सगळ्यांना बसवून वाडीप्रमुखांसमोर मोठ्याने वाचलं. दादा शेतांचं ऐकून बोटाची माती काढू लागला. मग म्हणाला, "मेल्यावर देणार म्हणतोस. पण तू मरणारा माणूस नाहीस. आम्ही करून बघितलं."

सगळे हसले, ताई हसली नाही. "म्हणजे हा ऐंशी वर्षं जगला, तर तोवर मी कुणाच्या घरात?"

प्रमुख म्हणाले, "पोरा, मरणाची वाट बघायलाच पाहिजे असं कायद्यात नाही. आज दे."

मला हे सुचलंच नव्हतं. लगेच पुढचं कलम लिहायला घेतलं.

कलम सहा. वरची कलमं तीन आणि चार माझ्या मृत्यूनंतर नव्हे, तर आजच, सही वाळायच्या आत लागू. माझ्या नावावर आता अंगावरचे कपडे, एक पिशवी आणि हलकं नाव एवढंच उरतं. दादाने खाली आपल्या हाताने लिहिलं आहे की खांबांवर त्याचा हक्क नाही.

शेवटचं. सगळ्यांच्या सह्या-अंगठे झाल्यावर ताई उठली, दार उघडून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून मालकीण म्हणून पहिला हुकूम सोडला: "पाहुणे, भात कापून होईपर्यंत जायचं नाही." घर माझं होतं तेव्हा मी तिथे सलग महिनाभर कधी टिकलो नाही. पिशवी मी खुंटीला लावली आहे.

लिहून देणार: लेगिमान, पूर्वीचा जयाकुसुमा
घेणार: वारसिनी (अंगठा)
मान्य: सादिरान. खांबांवर माझा हक्क नाही. शेतं घेतली.
साक्षीदार: कार्सो, पाटकरी. मोदिन तोयिब. ही सही जिवंत माणसाचीच आहे, दोघांनी हात लावून पाहिलं.
समक्ष: विर्यो, वाडीप्रमुख
ठिकाण वातुलुम्बुंग, बुधवार, वार लेगी, १२ जून १९९१