समीरच्या साखरपुड्यातली चिनी कविता

शनिवार, ६ नोव्हेंबर २०१०, एटोबिको, टोरांटो

शी! किळस आली नुसती.

लायब्ररीतल्या जुन्या चिनी कवितांच्या क्लासमध्ये मी एका कवितेचं मराठी केलं होतं. एक बाई नदीकाठी उभी आहे, डोळे पुसून पुसून तिची बाही भिजली आहे, पण तिच्या प्रियकराची नाव काही येत नाही. ऑफिसातल्या समीरला मी ती ईमेल केली. ती बाई कोण, ते त्याला कळेल असं वाटलं होतं. उत्तर आलं, "मस्त गं!" बस, एवढंच.

आज त्याच्या साखरपुड्यात, कॉन्डो बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये, त्याने तीच कविता श्वेतासाठी वाचली. "मीच लिहिली," म्हणाला. भिजलेली बाही माझी आणि टाळ्या त्याला! वर समोशांच्या टेबलापाशी मला डोळा मारून म्हणतो, "कुणाला सांगू नकोस हं."

क्लासच्या बाई सांगत होत्या, असल्या विरहिणींच्या कविता पुष्कळदा दरबारातल्या पुरुषांनीच बाईच्या आवाजात लिहिल्या, राजाची मर्जी परत मिळावी म्हणून. तेव्हाही अशीच किळस आली होती. बाईच्या बाहीला कुणीही डोळे पुसावेत?

तेवढ्यात श्वेता आली. डोळे भरलेले. "किती मनापासून लिहिलंय ना त्याने?"

गप्प बसले असते तर मीही त्यातलीच ठरले असते.

"मनापासूनच लिहिलंय," मी म्हणाले, "पण हे मराठी त्याचं नाही, माझं."

आणि कोट उचलून निघाले. बसस्टॉपवर पोचते तोच ती मागून धावत आली, एवढ्या थंडीत नुसत्या साडीवर.

"कुणासाठी?" तिने विचारलं.

तेही सांगितलं.