चौथी बादली

आप्पा,

काल फ्रिजमध्ये इडलीचं पीठ फुगून सांडलं. पुसायला वाकले तर तो आंबूस वास नाकात गेला आणि मी तशीच फरशीवर बसून राहिले. आता मी तुमच्या शेवटच्या वयापेक्षाही मोठी आहे, पण सोनईच्या अलीकडचा इंजिनिअरसाहेबांचा तो बंगला काही माझा पिच्छा सोडत नाही.

तुमची नजर जात चालली आहे हे त्या वर्षी फक्त मला माहीत होतं. नगरच्या दुकानातली फ्रिजदुरुस्ती तुम्ही हाताच्या अंदाजाने निभावत होता, आणि बाहेरचं काम आलं की मी शिकवत होते त्या शाळेत रजा टाकून तुमच्याबरोबर येत होते. साहेबांनी तो फ्रिज परदेशातून आणला होता. दारालाच पितळी तोटी, आत बियरचं छोटं पिंप आणि पिंपापासून तोटीपर्यंत वेटोळी नळी. कित्येक महिने त्याला कुणी हात लावला नव्हता. दाराच्या रबरात काळी बुरशी, तोटीखालच्या तबकात तसाच आंबूस वासाचा चिकट थर. तुम्ही पडवीत मांडी घालून तोटीचा एकेक भाग सुटा केलात, दात घासायच्या ब्रशने घासलात. आतल्या जाळ्या मी धुतल्या. मग ते भाग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवलेत आणि नळीतही तेच पाणी भरून ठेवलंत. "आता चार बादल्या पानी सोड त्यातून," तुम्ही म्हणालात. "शेवटी बोटावर घेऊन बघ. बुळबुळ लागली तर आजून सोड. पोटात गेलं तर आतून जाळतंय हे."

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. बंगल्याच्या म्हाताऱ्या आचाऱ्याने टाकीतून चार बादल्या काढून दिल्या आणि आणखी मागू नका म्हणाला. तीन मी नळीतून सोडल्या. पाणी कुंपणाकडे वाहत गेलं. तारेपलीकडे एक बाई रिकामी घागर घेऊन उभी होती. ती काही मागत नव्हती, नुसती त्या ओघळाकडे बघत होती. "ते बी वतून देनार का?" एवढंच तिने विचारलं. मी चौथी बादली तारेवरून तिच्या घागरीत ओतली. त्याआधी नळीचं पाणी बोटांवर घेतलं होतं. बुळबुळीत लागलं होतं.

मी पडवीत येते. तुम्ही विचारता, "धुतली का नीट?" मी म्हणते, "हो, आप्पा." तुम्ही मान हलवता आणि चाचपत चाचपत तोटी बसवायला घेता.

त्या संध्याकाळी पाहुणे यायच्या आधी आचाऱ्याने नवं पिंप जोडलं आणि पहिला पेला चव बघायला स्वतःच तोंडाला लावला. एकच घोट. तिसऱ्या दिवशी साहेबांनी आपल्याला बोलावलं तेव्हा तो दवाखान्यात होता. पुढे तो वाचला, पण त्याचा आवाज गेला तो गेलाच. साहेब ओरडले नाहीत. "तुम्हाला दिसत नाही का नीट?" त्यांनी विचारलं. मी तुमच्या शेजारीच उभी होते. तोंड उघडलं होतं मी, पण त्याआधी तुम्ही बोललात. "व्हय साहेब. न्हाई दिसत. नळी मीच धुतली हुती."

परतीच्या एसटीत तुम्ही माझ्याकडे वळलात. मग हळूच म्हणालात, "घागरीत पानी पडल्याचा आवाज आला हुता मला. त्याचं काय न्हाई. बोटाला काय लागलं हुतं, तेवढं सांग."

"काही नाही लागलं," मी म्हणाले.

तुम्ही सुस्कारा सोडलात. "मग तोटीतच ऱ्हायलं आसंल. माझ्याच हातनं."

आठवड्याभरात तुम्ही दुकान बंद केलंत. त्यानंतर अकरा वर्षं माझ्या घरी काढलीत. रोज सकाळी मी तुम्हाला पेपर वाचून दाखवायचे आणि तुम्ही मध्येच विचारायचा, "त्या आचाऱ्याचं काय कळलं का गं?" माझ्यावर तुमचा विश्वास होता, म्हणून दोष तुम्ही स्वतःच्या बोटांना दिलात आणि पुन्हा कधी पान्हा हातात धरला नाहीत.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही, मुलांनाही नाही. एक मात्र लिहून ठेवते. मी तुम्हाला एकदा सगळं सांगितलं होतं, आप्पा. एका दुपारी, तुमच्या खाटेशी बसून, अगदी पहिल्यापासून. पण त्याआधी मी दोनदा हाक मारून तुम्ही झोपल्याची खात्री करून घेतली होती.