वहिनीचा पिवळा चेहरा

पिंपळगाव राजा,
ता. १८ एप्रिल १९६३

ती. सौ. मंजुळावहिनीस धाकटा दीर कडूबाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही जानेफळले माहेरी जाऊन आठ दिवस झाले. आई कोणाशी धड बोलत नाही. चूक माही आहे. भाऊनं काढलेलं तुमचं चित्र मी घराच्या धाब्यावर कुरडयायपाशी उभं केलं, कावळे भेवावे म्हणून. सारी आळी हसली, म्हणे ड्रॉइंग मास्तरची बायको हळदीत बुडाली. कावळा मातर एकही नाही आला, हे खोटं नाही.

मी भाऊले इचारलं, तोंड पिवळं, डोळे पिवळे, मान वाकडी, असं काऊन काढलं? तो म्हणे, दिसते तसं काढाले फोटोवाला आहे, मी मनाले वाटते तसं काढतो. मी म्हटलं, मंग मन दाखव एखाद्या डॉक्टरले. त्यानं ब्रशच फेकून मारला. सदऱ्यावर अजून डाग आहे.

या आता. मले शिव्या देणारं बरोबरीचं कोणी राह्यलं नाही घरात. लोभ उरला असंल तेवढा कावळ्यायपासून सांभाळा.

तुमचा
कडूबा


जानेफळ,
ता. २३ एप्रिल

चि. कडूभाऊजीस मंजुळाचे अनेक आशीर्वाद.

तुमच्यावर राग नाही. कुरडया वाचल्या, बरं झालं. काल दादानं मले वैद्याकडे नेलं. त्याईनं पापणी ओढून पाह्यली न म्हणे, कावीळ आहे, तीन आठवडे तरी झाले. म्हणजे चित्राले बसली तवापासून. अन्न जात नव्हतं, मान धरवत नव्हती, अन् हे म्हणत, हालू नको.

बारा दिवस तुमच्या भावानं मले पाह्यलं. डोळ्यातला पिवळा रंगसुद्धा बरोब्बर लावला. तुले बरं नाही का, एवढं इचारलं नाही. बरी झाली तरी येईन का नाही, सांगता येत नाही. त्याईले कळवू नका.

सासूबाईले नमस्कार. तुमच्यापुरता लोभ आहे.

मंजुळा


पिंपळगाव राजा,
ता. २७ एप्रिल

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

मी भाऊले कळवलं नाही. चुलीपाशी मोठ्यानं वाचलं फक्त. तो उठून चित्रापाशी गेला न तुमच्या डोळ्यावर बोट ठेवून उभा राह्यला. म्हणे, मले वाटलं हा रंग माह्या मनातून आला. मी म्हटलं, वहिनीच्या पोटातून आला. ह्या वेळी ब्रश नाही फेकला. चित्र नागपूरच्या प्रदर्शनाले जाणार होतं, ते त्यानं ठेवून देल्लं.

परवाच्या मोटारनं तो तिकडं येणार आहे. लगेच माफ करू नका. पाटावर बसवा न म्हणा, हालू नको. घरात गेरू असंलच.

हे कोणी शिकवलं ते सांगू नका, एवढा लोभ ठेवा.

कडूबा


जानेफळ,
ता. १० मे

चि. कडूभाऊजीस अनेक आशीर्वाद.

तुमचं ऐकलं. परसातल्या भिंतीवर गेरू न चुन्यानं त्याईले काढलं, नागपंचमीले काढतो तसं. डोळे ताटाएवढे, कान सुपाएवढे. तोंड काढलंच नाही. हे म्हणे, तोंड कुठं आहे? म्हटलं, मनाले वाटते तसं काढलं.

तवापासून रोज सकाळी भिंतीकडे पाहतात न मंग मले इचारतात, झोप लागली का, भूक आहे का, डोळे जळतात का. इतकं इचारतात का दादाले हसू येते. काल मी तोंड काढून देल्लं. जरासं वाकडं आलं.

वैद्यानं शनिवारी मोटारीत बसाले हो म्हटलं. स्टँडवर या. कुरडया ठेवा, तेलाचं पथ्य सुटलं का खाईन. अन् ते चित्र बैठकीत लावा, धाब्यावर नाही.

घरच्या सगळ्यायचा लोभ घ्यालेच येऊन राह्यली.

तुमची वहिनी
मंजुळा