वंशावळीतून गाळलेले नाव

मी, हिराजी गोटीराम तांडेल, वय ७४, सेवानिवृत्त नक्कल कारकून, राहणार करावे गाव, नवी मुंबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझा मुलगा कुंदन याने उद्या कोर्टात जाऊन बाप भ्रमिष्ट झाला होता असे सांगू नये, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो सांगेल, मी त्याला ओळखतो.

१. मिळकत. वडील गोटीराम यांची भातशेती नव्या शहरासाठी संपादन झाली. त्याबदल्यात साडेबारा टक्के योजनेतला भूखंड मिळाला आणि तो बिल्डरला देऊन दोन फ्लॅट माझ्या नावावर आले. दुसऱ्या मजल्यावरचा कुंदनला द्यावा. पहिल्या मजल्यावरचा, ज्यात मी राहतो, तो माझी भाची रंजिता, राहणार कामोठे, हिला द्यावा. हे दान नव्हे. त्याचे कारण कलम ३ मध्ये लिहिले आहे.

२. ऑर्डवे घराण्याचे कागद. निवृत्तीनंतर इंग्लंडच्या हेलन ऑर्डवे बाईंसाठी मी त्यांच्या पूर्वजांचा शोध घेतला. त्यांचे खापरपणजोबा थॉमस इकडे मिठागरांवर इन्स्पेक्टर होते. चर्चची रजिस्टरे, कबरींवरचे दगड, जुन्या नकला चाळून सात वर्षांत पाच पिढ्या जुळवल्या. साहेबांचे मेलेले मोजतोय म्हातारा, असे गावात म्हणत. म्हणोत बापडे, मला त्या कामाचा अभिमान आहे.

थॉमस यांची एक मुलगी, एमिली, अकरा दिवसांची होऊन गेली. तिच्यापुढे वंश नाही म्हणून मी तिला तक्त्यात घेतले नव्हते. आमच्याकडे वंशावळ मुलग्यांवरून खाली उतरते, माझा हातही तसाच वळला. हेलन बाईंनी तक्ता परत पाठवला. एमिली जन्मली होती, तिचे नाव हवे, एवढेच त्यांनी लिहिले होते. मी नाव लिहिले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. या सगळ्या फायली आणि माझे भिंग हेलन बाईंना पाठवावे.

३. कबुली. १९९४ साली भूखंडासाठी वारसांची वंशावळ स्टॅम्पपेपरवर शपथेने द्यायची होती. रीत अशी, की बहिणींची नावे घालायची आणि मग त्यांच्याकडून हक्कसोडीवर सही घ्यायची. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही देतात. माझी धाकटी बहीण सुमित्रा हिनेही दिली असती. मी तिला विचारलेच नाही. तिचा नवरा आडवा येईल, कचेरीच्या फेऱ्या वाढतील, अशी मनाची समजूत घातली. खरे कारण हाव. मी लिहिले, गोटीराम यांना हिराजी हे एकमेव अपत्य. जन्मभर दुसऱ्यांच्या वंशावळी अक्षरशः उतरवणाऱ्या हाताने हे लिहिले.

दोन वर्षांनी तिला कळले. ती आली, पण उंबरठ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "दादा, मला मयत लिवलं असतंस तरी चाललं असतं. तू तर मी जल्मलेच नाय असं लिवलंस."

त्यानंतर एकाही भाऊबीजेला मला कोणी ओवाळले नाही. एमिलीचे नाव लिहिल्यावर मी कामोठ्याला सुमित्राच्या घरी जाऊन तिचे पाय धरायचे ठरवले. उद्या जातो, परवा जातो म्हणत तीन वर्षे घालवली. ती गेल्याचे मासळीबाजारात परक्या माणसाकडून कळले. बाईला शेवटी माहेरचे लुगडे लागते, म्हणून मी ते घेऊन धावलो. रंजिताने दारातच अडवले. "आईला भाऊ नव्हता," ती म्हणाली, "सरकारी कागदावर हाय तसं." आवाजही चढवला नाही तिने. मी लुगडे घेऊन परत आलो. माझी बहीण माहेरच्या लुगड्याशिवाय चितेवर गेली, याची भरपाई फ्लॅटने होत नाही, हे मला कळते.

४. रंजिताने फ्लॅट नाकारला तर तो तिचा अधिकार आहे. तिची समजूत घालायला कोणी जाऊ नये. मात्र मी नव्या प्रतिज्ञापत्रावर दुरुस्त वंशावळ केली आहे, ती दाखल करायला कोणाचीही मर्जी लागत नाही. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक आशुतोष वकील यांनी ते काम सर्वांत आधी करावे. माझ्या तेराव्याच्याही आधी.

५. वडिलांचा मासे धरायचा पाग कुंदनला द्यावा. त्याला तो फेकता येत नाही. मी शिकवला नाही, हा दोष माझा. आत्याचा विषय काढला की "पप्पा, तो मॅटर क्लोज झालाय" म्हणतो, हा दोष त्याचा.

६. ते लुगडे कपाटात घडी न मोडता ठेवले आहे. ते कोणाला वाटू नये, माझ्या प्रेतावरही घालू नये. रंजिताने स्वतः मागितले तरच द्यावे.

साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही करत आहे आणि ज्यांना यातले काहीही मिळणार नाही :
१. डॉ. प्रसाद भोईर, करावे
२. क्रांती म्हात्रे, सारसोळे

ठिकाण : करावे, नवी मुंबई
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२४

सही :
हिराजी गोटीराम तांडेल,
सुमित्रा गोटीराम तांडेल हिचा भाऊ