चंद्रावरच्या पेवातला कंदील

गुरुजी,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग काही जागचा हलला नाही. काल टीव्हीवर एक शास्त्रज्ञ सांगत होता, चंद्रावर वस्ती करायची तर मातीखालीच करावी लागेल. मी निवडत होते ती मेथी बाजूला टाकली आणि ओरडले, "अहो, हे मी आठवीत सांगितलं होतं!" घरात कोणी मान वर करून पाहिलं नाही. माझं ऐकून घेणारे एकटे तुम्ही होतात, आणि घात केलात तोही तुम्हीच.

तेव्हा माणूस अजून चंद्रावर उतरायचा होता. वरवट बकालच्या शाळेत तुम्ही विचारलंत, "तिथं हवा नाही, दिवसा भाजतं, रात्री गोठतं. माणसानं राहायचं कसं?" मी उठून म्हणाले, "पेवात, गुरुजी." सगळा वर्ग खो खो हसला. ज्वारी साठवायच्या खड्ड्यात माणसं! तुम्ही मात्र हसला नाहीत. "काऊन व पोरी, पेवातच काऊन?" मी म्हणाले, वर कितीबी ऊन तापो, पेवातल्या ज्वारीले काही होत नाही. त्याच दिवशी तुम्ही मला बुलढाण्याच्या प्रदर्शनासाठी नमुना करायला सांगितलंत आणि स्वतःची कंपासपेटी दिलीत. ती मी उशाशी घेऊन झोपायची.

महिनाभर मला दुसरं काही सुचलं नाही. लाकडी खोक्यात काळी माती भरली, वर चंद्राची धूळ म्हणून चुलीतली राख पसरली. समोरची फळी काढली की आत करवंट्यांच्या खोल्या दिसत. एक झोपायची, एक दगड तपासणाऱ्यांची, एक मेथीच्या वाफ्याची. आम्ही भाजीपाल्यावाले, भाजीशिवाय माणूस राहील कसा? आणि सगळ्यात खाली औषधाच्या बाटलीच्या टोपणाचा एक कंदील, दोऱ्यानं टांगलेला. आमचं पेव उघडलं की बाबा आधी पेटता कंदील आत सोडत. "इझला तं उतरू नको, हवा खराब हाय," म्हणत. चंद्रावरच्या खोलीत माणसं इथून सोबत नेलेली हवाच घेणार ना? ती बिघडली की आधी कंदील सांगेल. तुमच्या घरी पेव नव्हतं. तुम्हाला तो कंदील शोभेचा वाटला, आणि तुम्ही विचारलंही नाहीत.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तुम्ही म्हणालात, "नमुना तूच केला, पण माहिती ती सांगेल." ती म्हणजे डॉक्टरांची मुलगी, नुकतीच पुण्याहून आलेली. "तू मले-तुले करशील, साहेब लोक हसतील." मले-तुले! घरी बायकोशी कोणत्या भाषेत बोलत होतात हो तुम्ही? नमुन्याच्या चिठ्ठीवर नावही तिचंच. खोकं मात्र मांडीवर घेऊन मी एसटीनं बुलढाण्याला गेले. राख सांडू नये म्हणून वाटभर खोक्यावर पदर धरून बसले होते, लाजही वाटली नाही मला!

तिथं एका साहेबांनी वाकून विचारलं, "चंद्रावर हवा नाही, मग कंदील जळेल कसा?" ती गोंधळली. तुम्ही पुढं झालात, दोरा तोडून कंदील खिशात टाकलात आणि म्हणालात, "मुलीची चूक झाली, साहेब." माझ्या बापाचं शहाणपण सगळ्यांसमोर चूक ठरलं. बक्षीस कोणाला मिळालं ते मी पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी कंपासपेटी तुमच्या टेबलावर ठेवून आले. तुमच्या तेरवीलासुद्धा मी आले नाही.

ही हकीकत मी आजवर पन्नास जणांना सांगितली असेल. दरवेळी एवढीच सांगितली. हे पत्र काही कुठं जायचं नाही, म्हणून राहिलेलं लिहिते. दोरा तोडायच्या आधी तुम्ही गर्दीत मला शोधलंत. त्या सगळ्या साहेब लोकांसमोर, मोठ्यानं, आपल्या बोलीत म्हणालात, "सांग व पोरी, तुले माहीत हाय."

मला माहीत होतं, गुरुजी. मी मान फिरवली.