आठवा प्रश्न

सोमवार, ४ मार्च

गेले एकदाची! धाकट्या बहिणीने जवळजवळ ओढतच नेलं. डॉक्टरीणबाईंनी हातात कागद दिला – गेल्या पंधरा दिवसांत उदास वाटलं का, भूक लागते का, झोप लागते का, असे नऊ प्रश्न. कधीच नाही म्हणजे शून्य, जवळजवळ रोज म्हणजे तीन. बेरीज केली की म्हणे कळतं, बाई किती खचलीय ते.

झोप! पहाटे उठून रेडिओवर सकाळच्या बातम्या वाचणाऱ्या बाईला झोपेचं विचारतात! आणि आठवा प्रश्न तर कहरच – 'इतरांच्या लक्षात येईल इतकं सावकाश बोलता का?' अहो, सावकाश बोलण्याचाच मला पगार मिळतो!

सगळीकडे शून्य ठोकून दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळी शून्यं? माझीसुद्धा बेरीज चार येते." म्हटलं, "मग तुम्ही दाखवा कुणाला तरी." धाकटीला हसू आलं नाही. मला आलं.

मंगळवार, ५ मार्च

धाकटीचे फोनवर फोन. उचलले नाहीत.

शुक्रवार, ८ मार्च

धाकटी दारातच उभी. "ताई, फोनवर नुसतं हं-हं करतेस. पूर्वी माझं वाक्य मला पुरं करू द्यायची नाहीस." म्हटलं, सकाळभर बोलते, तोंडाला सुट्टी नको? आणि माझ्या कामात कुणी खोट काढून दाखवावी! इतकी वर्षं दहा मिनिटांच्या बातम्या दहा मिनिटांतच संपवतेय. शेवटचा शब्द आणि घड्याळाचा काटा एकदम. खचलेल्या बाईला जमेल हे?

ती गेल्यावर रडू आलं. कशाचं, देव जाणे. पण मी काही तो कागद बदलायला जाणार नाही!

बुधवार, १३ मार्च

आज अब्रू गेली. बातम्या निवडून माझ्या हातात देणारा आमचा मिशा (मिशांवरून पडलेलं नाव) रजेवर. त्याच्या जागी आलेल्या मुलीने कागद दिले. मी वाचतेय, आणि मध्येच माईकचा लाल दिवा बंद! खेळ आणि हवामान हातातच राहिलं. बाहेर आले तर म्हणते, "बाई, वेळ संपली." मला वेळ शिकवते! जास्तीचे कागद कोंबलेस म्हणून तिला फाडून खाल्लं. रडवेली झाली. "सगळ्यांना देतात तेवढेच दिले हो, बाई."

उद्या-परवा मिशा आला की बघतेच तिच्याकडे.

शुक्रवार, १५ मार्च

मिशा आला. तक्रार ऐकून खाली बघत म्हणाला, "तिची चूक नाही, बाई. थंडीपासून तुमचं वाचणं फार सावकाश झालंय. मीच रोज दोन बातम्या कमी लावतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

रोज हातात कमी कागद, आणि मला पत्ताच नाही!

धाकटीला स्वतःहून फोन केला. उद्या दोघी जातोय. झोपेचा प्रश्न चुकीचाच आहे, ते मी डॉक्टरीणबाईंना ऐकवणारच! पण आठव्यापुढे तीन.